पाण्यावरची हाळी

नणंदेच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो नाही, कारण त्या दिवशी मुंबईत रेगाटा होती. रेगाटा म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यती, हे मी तिला फोनवर पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही आणि तुमची पोरगी होडी चालवती?" नंतर बरेच दिवस तिने फोन केला नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सुरुवात उजनीवर झाली. सयाजी, म्हणजे माझा नवरा, पाटबंधारे खात्यात आहे. (घरात मी त्याला अहोच म्हणते, मनात मात्र एकेरीच.) त्याची बदली धरणावर होती तेव्हा नौदलातून निवृत्त झालेल्या एका सरांनी तिथे फुगवट्याच्या पाण्यावर मुलांसाठी जुन्या होड्या आणून ठेवल्या होत्या. बादलीएवढी होडी, तिला एक शीड, एक सुकाणू आणि आत एकच पोर. आमच्या सृष्टीला गंमत म्हणून बसवलं. ती तासाभराने काठाला आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती उतरायला तयार नव्हती. तिथून आमच्या सुखाच्या शनिवारांना जी कात्री लागली ती लागलीच.

सयाजीची बदली परत सोलापूरला झाली, आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, पण दर शनिवारी गाडी उजनीच्या रस्त्याला लागायची ती लागायचीच. मी पोस्टात काउंटरला असते. आठवडाभर लोकांची रजिस्टर पत्रं घ्यायची, आणि शनिवारी दुपारी कुलूप लावलं की घरी न जाता थेट गाडीत. गाडीला कायम ओल्या दोरखंडाचा वास. सयाजीचं तर विचारूच नका. आसरा चौकात सिग्नलला थांबला तरी दुकानांवरचे झेंडे बघून म्हणतो, "नैऋत्येचा आहे, पण दम नाही." मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात.

हैदराबाद, मुंबई, भोपाळ. गावं बदलायची, आमचा दिवस तोच. पहाटे उठा, शिडाची काठी गाडीच्या टपाला बांधा, दिवसभर काठावर उभे राहा, डोळे ताणून पाण्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांत आपला ठिपका शोधा. सापडला की छातीत धडधड, नाही सापडला की जास्त धडधड. मला एका जागी बसता येत नाही, हे मला या पाच-सहा वर्षांत कळलं. पूर्वी मी बरी होते.

यंदाची हैदराबादची रेगाटा मात्र शेवटची होती. या छोट्या होडीला वयाची अट असते आणि सृष्टी यंदा पंधराची होणार. या शर्यतींतून पहिल्या दहांना राष्ट्रीय शिबिरात घेणार होते. शिबिर म्हणजे नुसतं शिबिर नाही. मुंबईत राहायचं, तिथेच शाळा, तिथेच पुढच्या मोठ्या होडीचा सराव. दहांत आली तर पोर जूनपासून मुंबईला. नाही आली तर होडी विकायची आणि विषय बंद. हे आम्ही नाही, तिनेच ठरवलं होतं. "नाही जमलं तर मी परत होडीत बसणार नाही, आई. उगं आशा लावून काय करायचं." पोरगी सयाजीवर गेली असती तर आशा सोडली नसती. ती माझ्यावर गेली आहे.

मला काय हवं होतं ते सांगते. मला ती दहांत यायला हवी होती. आणि मला ती घरात हवी होती. दोन्ही एकदम, तितक्याच जोरात.

त्यात यावेळी आप्पा बरोबर. आप्पा म्हणजे माझे सासरे. सांगोल्याकडच्या आमच्या गावी त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आता मेंढरं पुतण्याकडे असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते सोलापूरला आमच्याकडे आले होते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, आणि त्यांना एकटं घरात ठेवणं शक्य नव्हतं. काळा चष्मा, डोक्याला पटका, मांडीवर कडक भाकरीचा डबा, असे ते पुढच्या सीटवर बसले. नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. मी मागे पाय आखडून बसले होते, सृष्टी कानात वायरी घालून डोळे मिटून होती, आणि सयाजी दर चहाला मोबाइलवर हैदराबादचा वारा बघत होता.

"आमी मेंढरामागं फिरायचो," आप्पा म्हणाले, "तुमी पोरीमागं फिरताय. तुमचं बरं हाय, गाडी हाय."

"मेंढरं तरी लोकर द्यायची, आप्पा," मी म्हणाले.

आप्पा लई हसले. सयाजी हसला नाही. त्याला उद्या दुपारनंतर वारा पडणार असं दिसत होतं.

तलावावर गेल्यावर सरांनी नेहमीप्रमाणे सगळ्या पालकांना नियम सांगितला. आमचे उजनीचेच सर, ते मुलांबरोबर येतात. पालकांनी दोरीच्या मागे थांबायचं. शर्यत चालू असताना ओरडायचं नाही, हात करायचे नाहीत, काही सुचवायचं नाही. होडीत पोर एकटं असतं आणि त्याने एकट्यानेच ठरवायचं असतं. काठावरून मदत मिळाली असं सिद्ध झालं तर ती शर्यत बाद. मी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "आप्पा, हितं ओरडायचं नाही बरं का."

"मी कशाला वरडू?" आप्पा म्हणाले. आणि खरंच, दोन दिवस त्यांनी ब्र काढला नाही. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, नव्या डोळ्याने सगळं न्याहाळायचे. ऑपरेशननंतर त्यांना लांबचं लख्ख दिसायला लागलं होतं, त्याचं त्यांना कौतुक. मी मात्र दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. चहा घ्यायचा, दोन घोट पिऊन कुठेतरी ठेवून द्यायचा, मग दुसरा घ्यायचा. एका पालकबाईने मला विचारलं, "आपको शुगर है क्या?"

शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत सृष्टी दहाच्या आतबाहेर लोंबकळत होती. ही चांगली गेली तर आत, नाही तर बाहेर. सकाळी तिने काही खाल्लं नाही. मी केळं पुढे केलं तर म्हणाली, "आई, प्लीज, तू जरा लांब थांब ना." मी लांब थांबले. राग आला, पण थांबले.

शर्यत सुरू झाली. वारा आमच्या पाठीमागून पाण्यावर जात होता आणि होड्यांना त्याच्या तोंडावर, आमच्या दिशेने यायचं होतं. वाऱ्यासमोर होडी सरळ येत नाही, नागमोडी काढत आणावी लागते. सगळ्या होड्या एका बाजूला वळल्या, आणि आमचा ठिपका दुसऱ्या बाजूला. एकटाच. पार त्या बाजूच्या काठाकडे, जिथे कुणीही नव्हतं.

"कुठं चालली ही?" सयाजी पुटपुटला. मोबाइल बघितला, पाणी बघितलं, पुन्हा मोबाइल. "तिकडं काय नाही. तिकडं का चालली?"

"तिला काहीतरी दिसलं असंल," मी म्हणाले. मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. ठिपका लांब लांब जात होता आणि बाकीचा घोळका एकत्र पुढे सरकत होता.

आप्पा खुर्चीतून कधी उठले ते आम्हाला कळलंच नाही. कळलं ते शीळ ऐकू आली तेव्हा. दोन बोटं जिभेखाली घालून घातलेली लांब शीळ, आणि पाठोपाठ पोटातून काढलेली हाळी, "हाऽऽऽव!" दोरीमागचे सगळे पालक एकदम वळले. वारा पाठीचा होता. हाळी तशीच्या तशी पाण्यावरून गेली.

ती हाळी आमच्या घरात कुणाला सांगावी लागत नाही. कळपातून मेंढरू फुटलं की आप्पा ती देतात आणि मेंढरू माघारी येतं. पुढे पोरांनाही तीच लागू झाली. सयाजी लहानपणी विहिरीत पोहत असला तरी हाळी ऐकली की वर यायचा, अजूनही गावी गेला की शेताच्या कडेवरून धावत येतो. सुट्टीत सृष्टी गावी असायची तेव्हा ताटावरून उठून यायची, झाडावर चढलेली असली तरी उतरून यायची. का बोलावलं हे विचारायचं नसतं. हाळी आली की यायचं, एवढंच.

मी पाण्याकडे बघितलं. होडीतली मान वळली. लांबून स्पष्ट दिसली. ती आमच्याकडे वळून बघत राहिली, आणि मला वाटलं ती आता सुकाणू फिरवणार. मग तिने मान पुढे केली, शिडाची दोरी ओढून घेतली, आणि होडी होती त्याच दिशेने चालत राहिली.

"आप्पा!" सयाजी ओरडलाच. "काय केलं तुम्ही हे!"

"पोरगी फुटली व्हती की. एकटीच चालली व्हती तिकडं."

"सांगितलं होतं ना ओरडायचं नाही!"

"मी कुटं वरडलो? बोलावलं तिला."

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या बाजूच्या काठाकडून वारा फिरला, पाण्यावर काळपट पट्टा सरकत आला आणि तो आधी तिच्या शिडात भरला. बाकीचा घोळका शिडं फडफडवत बसला आणि आमचा ठिपका त्यांच्या पुढे निघून गेला. ती तिसरी आली. सयाजीने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि मला म्हणाला, "नववी. पूनम, नववी आली." त्याचे डोळे भरले होते. मी त्याचा हात धरला आणि लगेच सोडला, कारण सर आमच्याकडे पळत येत होते.

एका मुलाने तक्रार नोंदवली होती. सृष्टी पुढे गेल्यामुळे तो अकरावा ठरत होता. त्याचं म्हणणं, काठावरून शिट्टी आली, सृष्टीने वळून बघितलं आणि तिला बरोबर वाऱ्याची बाजू सापडली. शिट्ट्यांचे संकेत घरून ठरवून येणारे पालक पूर्वी सापडलेले आहेत, त्यामुळे पंचांनी तक्रार ऐकायला घेतली होती. सृष्टी आत पंचांसमोरच होती. आता आप्पांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही, तेव्हा भाषांतराला मी जायचं. पोस्टाच्या काउंटरमुळे माझी हिंदी सरळ आहे.

"ती आत काय म्हणाली?" मी सरांना विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, ताई. साक्षीदाराला ते कळता कामा नये."

सर गेल्याबरोबर सयाजीने आप्पांना झाडामागे नेलं. "आप्पा, नीट ऐका. आत विचारलं तर सांगायचं, सहज शीळ घातली. पोरीला नाही घातली."

"मग कुणाला घातली?"

"कुणालाच नाही. पाखरं बघून घातली."

"पाखराला कोन बोलावतं का?"

"अहो, जे झालं ते सांगू द्या त्यांना," मी म्हणाले.

सयाजी माझ्याकडे वळला. "तुला काय. तुला ती जायला नकोच आहे."

आप्पांसमोर असं म्हणाला. माझ्या अंगाची आग झाली. आग झाली कारण त्यात अर्धं खरं होतं. त्या खोलीत जाऊन मी एखादं वाक्य वेडंवाकडं सांगितलं असतं तर आमचे शनिवार आम्हाला परत मिळाले असते, जूनमध्ये पोर घरात असती. हे माझ्या मनात येऊन गेलं. मी आप्पांच्या दंडाला धरून आत गेले.

क्लबच्या मागच्या खोलीत टेबलापलीकडे टोपी घातलेल्या एक बाई आणि दोन पुरुष बसले होते. अलीकडे तो मुलगा आणि सृष्टी. ती अजून ओलीच होती, खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळत होतं. आम्हाला बघून तिने मान खाली घातली. आप्पांना खुर्ची दिली तर ते बसले नाहीत. काळा चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

बाईंनी हिंदीत विचारलं, ती शिट्टी तुम्हीच वाजवली का. मी मराठीत विचारलं.

"व्हय, मीच."

कुणासाठी?

सयाजीचं पाखरू माझ्या डोक्यात फडफडलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नातीसाटी."

मी भाषांतर केलं. तो मुलगा खुर्चीत ताठ झाला. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्या शिट्टीचा अर्थ काय?

"माघारी ये. मेंढरू फुटलं की हीच हाळी देतो. पोरांस्नी बी हीच."

दोघा पुरुषांतला एक जण किंचित हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही तिला त्या बाजूला जा असं सांगितलं नाही? परत ये म्हणालात?

"एकटी चालली व्हती. माघारी ये म्हणलं."

मग ती आली का?

हे मी मराठीत विचारलं. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्या हाळीला कुणी आलं नाही असं झालेलं नाही. गावात लोक उदाहरण द्यायचे, सयाजी आणि त्याचे भाऊ कसे येतात त्याचं. आणि आता परक्या मुलखात, परक्या माणसांसमोर त्यांनी काय सांगायचं होतं?

"न्हाय," आप्पा म्हणाले.

बाई भल्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, पाण्यावर वारा असतो, तिला कदाचित ऐकूच आलं नसेल. मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं, घ्या आप्पा, हे घ्या, यात कुणाची मान खाली जात नाही. ऐकू आलं नसंल म्हणा आणि चला.

आप्पांनी सृष्टीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती मान वर करत नव्हती.

"आईकलं तिनं," ते म्हणाले. "वळून बघितलं माझ्याकडं. आईकलं, आन् फुडं गेली."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला ते हिंदीत सांगायचं होतं. पोस्टात दिवसभर बोलते तीच हिंदी, पण ती आठवावी लागली. कसंबसं म्हणाले, "उसने सुना. सुनकर भी आगे गई." म्हणताना मला कळलं की मी हे पंचांना सांगत नाहीये. जूनमध्ये काय होणार आहे ते मी स्वतःला सांगत होते. माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने सर आले ते हसतच. तक्रार फेटाळली होती. जी हाळी तिने मानलीच नाही, ती मदत कशी होईल? सृष्टी नववी, शिबिरात नाव पक्कं. सर सयाजीला म्हणाले, "पोरीने आधीच सांगितलं होतं, आजोबांनी परत बोलावलं, मला ऐकू आलं, मी गेले नाही. आजोबांनी दुसरं काही सांगितलं असतं ना, तर पोर खोटी ठरली असती आणि गेली असती बाहेर."

सयाजीचा चेहरा उतरला. मग त्याने आप्पांचे पाय धरले. आप्पा म्हणाले, "ऊठ. लोक बघत्यात."

होडी सरांनी आणलेल्या ट्रकवर चढवली, काठी टपावर बांधली, पिशव्या डिकीत कोंबल्या. निघायला उशीर होत होता. सृष्टी खाली उताराजवळ शिबिरात निवडलेल्या पोरांच्या घोळक्यात उभी होती. फोन गाडीतच टाकून गेली होती. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ती मोठ्याने हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती. सयाजीने एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला. तिला ऐकू गेलं नाही.

सयाजी आता पुरता खुशीत होता. पुढच्या सीटवर बसलेल्या आप्पांना कोपर लावून म्हणाला, "आप्पा, आता कसला नियम न् काय. द्या की एक हाळी. बघा कशी पळत येती."

आप्पांनी चष्मा घातला होता. काच खाली होती आणि ते घोळक्याकडे बघत होते. त्यांचा हात तोंडापर्यंत गेला, दोन बोटं ओठाला लागली, आणि तशीच थांबली. मग हात खाली आला.

"नको," ते म्हणाले.

"का वो?"

"न्हाय आली तर?"

मी मागचं दार उघडलं, खाली उतरले आणि तिला आणायला उताराच्या दिशेने चालत गेले.